हातचा

ब्यूटमध्ये नोव्हेंबरात सातला उजाडलेलं नसतं.
डोंगरावर बंद खाणींचे लोखंडी मनोरे
आपापले लाल दिवे लावून उभे,
आणि शाळेच्या मागच्या दाराशी डार्लीन वुकोविच.
एकतीस वर्षं मुख्याध्यापिका, आता निवृत्त.
जिल्ह्याने तिला दर मंगळवारी आमच्यावर सोडलंय,
आम्ही तिघं नवे,
तिघांच्याही खुर्च्या अजून कुरकुरत नाहीत.

मी वही घेऊन आलो होतो.
म्हणाली, "वही गाडीत ठेव. हातमोजे आण."

पहिली बस आली. मुलं उतरली.
तिने एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही,
ती पाय बघत होती.
आत शिरताना हळूच म्हणाली,
"हिरव्या टोपीवाल्याच्या बुटात मोजे नाहीत.
बूट आतून वाळलेलेही नाहीत, म्हणजे कालही नसणार.
काल तू काय बघत होतास?"

काल मी हजेरीचा तक्ता बघत होतो.
त्यात तो हजर होता.

टीगने त्याच्या शाळेचा सुधारणा आराखडा आणला होता,
चार रंगांत, कडा ठोकून सरळ केलेला.
तिने तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसून वाचला,
मग विचारलं, "तुझ्याकडची मुलं रडायला कुठे जातात?"
"समुपदेशकाकडे."
"तिथे त्यांना पाठवतात. जातात कुठे?"
टीग गप्प.
मारिसेला खाली बघून म्हणाली,
"माझ्याकडे कोटांच्या खुंट्यांमागे.
मीसुद्धा गेले होते, सप्टेंबरात एकदा."
डार्लीनने मान हलवली, जशी मुलांनी बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात.

दुसरीच्या वर्गात ती बुटक्या खुर्चीवर बसली,
गुडघे हनुवटीपर्यंत आलेले.
शेजारची मुलगी सत्तावीस अधिक पंधरा करत होती.
उत्तर बत्तीस.
"हातचा कुठे गेला गं?"
मुलीने बोट वर केलं, उलटसुलट पाहिलं.
"इथेच होता. मग मी पेन्सिल उचलली."

यावर डार्लीन इतकी हसली
की बाईंनी वळून बघितलं. आम्हाला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी बॉयलरच्या खोलीत उभ्यानेच डबा.
तिच्या हातात मांसाची पेस्टी, कागदातली.
"नववं वर्ष माझं," ती म्हणाली,
"आर्लो केस्किटालो, तिसरीतला.
रोज मधल्या सुट्टीत इथे सापडायचा, या पाइपाला पाठ लावून.
धोक्याची जागा. पालकांची पत्रं आली.
मी कुलूप घातलं.
मंडळाच्या बैठकीत माझं कौतुक झालं,
इतिवृत्तात आहे ते, अजून वाचता येतं.
वसंतात त्याचा बाप दाखला न्यायला आला.
पत्त्याच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.
ऑक्टोबरपासून ते गाडीत राहत होते."

बॉयलर मधूनच घसा खाकरत होता.
"कुलूप चांगलं होतं," ती म्हणाली. "तेच आहे, बघ."

मला राहवलं नाही.
"मग तुम्ही काय करायला हवं होतं?"
तिने घास संपवला. कागदाची घडी केली,
मग त्या घडीची घडी.
"हेच तर मी तुम्हाला विचारायला येते."

संध्याकाळी मी मोजे घेतले, लोकरीचे,
अंदाजाने, हिरव्या टोपीच्या मापाचे.

सकाळी वही घरी. बस आली.
तो उतरला. त्याच्या पायात मोजे होते,
जाड, जांभळे, टाचेशी रफू केलेले.
मला बरं वाटलं, थोडं वाईटही वाटलं
की आता माझे कशाला.
तेवढ्यात त्याच्या मागून
त्याची बहीण उतरली, पहिलीतली,
एकेक पायरी, कठडा धरून,
उघडे घोटे लालभडक.

माझा हात खिशात होता.
बुधवारी डार्लीन येत नाही.